वाळूच्या जगातले पाणी

अमेरिकी लेखक फ्रँक हर्बर्ट १९५७ मध्ये ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गेले. सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून कशा थोपवतात, यावर त्यांना लेख लिहायचा होता. तो लेख राहिलाच. १९६५ मध्ये ‘ड्यून’ ही कादंबरी मात्र आली. तिच्यातल्या अराकिस ग्रहावर पाऊस पडत नाही. या एका नियमातून हर्बर्टनी तिथली माणसे घडवली. घाम शुद्ध करून पुन्हा पिण्याजोगा करणारा पोशाख, मेलेल्याच्या देहातले पाणी टोळीच्या मालकीचे, आणि समोरच्यापुढे थुंकणे म्हणजे चक्क आदर, कारण थुंकणारा आपला ओलावा देतो! मला हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. नकाशे, राजघराणी पुष्कळांना रचता येतात. टंचाईतून रीतिरिवाज उगवताना दाखवणे अवघड. नवे जग रचणार असाल, तर तिथली माणसे पाणी कुठून आणतात ते आधी ठरवा.