दुपारची भाकरी आणि तांदळातला स्टार्च

गव्हाची कणीक ग्लुटेनमुळे एकजीव राहते. डहाणू-तलासरीकडची भाकरी तांदळाची किंवा नागलीची, आणि या दोन्ही धान्यांत ग्लुटेन नसते. म्हणून तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते. उकळत्या पाण्यात स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरीला तोच धरून ठेवतो. त्यामुळे गव्हातला स्टार्च बदलण्याचे जे प्रयोग जगभर झाले, त्यांची खरी गरज इथल्या भाताला आहे, असे मला वाटते. स्टार्चमध्ये सरळ साखळ्यांचे अमायलोज असते आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असले की भात मोकळा शिजतो, पण निवल्यावर काही तासांतच ताठरतो. सकाळी बांधून नेलेली भाकरी दुपारी मोडते, त्यामागे हेही एक कारण असते.

गव्हात हे प्रमाण बदलणे जिकिरीचे होते. त्याच्यात तीन पूर्वजांची गुणसूत्रे नांदतात, त्यामुळे अमायलोज घडवणाऱ्या ‘वॅक्सी’ जनुकाच्याही तीन प्रती असतात. एक निकामी झाली तरी उरलेल्या दोन काम रेटतात. जपानच्या ‘कान्तो 107’ वाणात दोन प्रती निकामी होत्या, चीनच्या ‘बाई हुओ’मध्ये तिसरी. त्यांच्या साध्या संकरातून जवळपास अमायलोजविरहित गहू निघाला, आणि 1995 मध्ये ते जाहीर झाले. भातात हे जनुक एकच, म्हणजे काम कितीतरी सुटसुटीत.

यावर कोणी म्हणेल, भाकरी काय एकट्या अमायलोजवर ठरते? नवा तांदूळ गिच्च होतो, जुना मोकळा शिजतो. गिरणीतले सडणे आणि दळणही फरक पाडते. बरोबर आहे, आणि म्हणूनच फक्त स्टार्चमध्ये वेगळ्या, बाकी सारख्या अशा भाताच्या पैदास-ओळी हव्यात. त्या एकाच खाचरात लावल्या, एकाच दिवशी सडल्या-दळल्या, तरच कशाचा वाटा किती ते कळेल. दुसरा आक्षेप उताऱ्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: अमायलोज खूप वाढवलेल्या गव्हात दाणा अनेकदा बारीक राहतो. पण इथला छोटा शेतकरी पिकवलेले बरेचसे स्वतःच खातो. भाकरी जुळत नसेल तर वाढीव पोत्याचे त्याला कौतुक किती? बाजारही केवळ वजन पाहत नाही. शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोलम तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते गुणावर.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राने स्थानिक वाण घेऊन अशा ओळी तयार कराव्यात, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने त्या शेतकऱ्यांच्या खाचरांत लावून पाहाव्यात. प्रयोगशाळेतले अमायलोजचे आकडे लागतीलच. त्यांच्यासोबत सकाळी थापलेली भाकरी दुपारी तोडून पाहण्याची चाचणीही ठेवावी, आणि तिचे गुण रोज ती भाकरी थापणाऱ्या बायांनी द्यावेत.