पाल ज्या फुलाची पाहुणी

पलसाण्याच्या आजूबाजूला ऊसच ऊस. तोडणी सुरू झाली की खानदेशातून, डांगातून ऊसतोड कुटुंबं येतात आणि मोळ्या भरलेल्या गाड्यांमागून अहिराणी कानावर पडते. उसापायी मराठी माणूस कुठवर गेला, तर थेट मॉरिशसपर्यंत! १८३४ पासून इंग्रजांनी करारावर तिथे मजूर नेले, त्यांत कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. हा इतिहास आपल्याला थोडाफार माहीत असतो. मला सांगायचंय ते त्याच बेटावरच्या फुलांबद्दल.

मॉरिशस समुद्रातून वर आलं त्याला साधारण ८०-९० लाख वर्षं झाली. जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ओतला गेला, तिथूनच पुढे हे बेटही घडलं, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. वरची जमीन सरकत गेली, खालची धग राहिली. म्हणजे बेट जन्मलं तेव्हा निव्वळ गरम दगड होता, गवताची काडीसुद्धा नव्हती.

मग बिया आल्या. काही वाऱ्यावर, काही लाटांवर, काही पाखरांच्या पोटातून. फारच थोड्या पोचल्या, आणि सगळी गंमत या ‘थोड्या’तच आहे. जी रुजली तिला रान मोकळं! एकीची पिल्लावळ ओल्या डोंगरावर वाढली, दुसरी कोरड्या कड्यावर. मूळ गावच्या नातेवाइकांचे परागकण एवढा समुद्र ओलांडून येणार कसे? हळूहळू ती वेगळीच जात झाली. मॉरिशसच्या सुमारे ६९० मूळच्या सपुष्प वनस्पतींपैकी २७० च्या आसपास जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

ट्रोकेशिया घ्या. भेंडी, जास्वंद, कापूस यांच्या कुळातली ही झुडपं. एकूण सहा जाती, पाच मॉरिशसवर आणि एक शेजारच्या रेयुनियोंवर. त्यातली एक फक्त ल मॉर्न डोंगरावर उगवते. तिचं लाल, घंटेसारखं लोंबणारं फूल १९९२ पासून मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे. तिथले लोक त्याला कानातलं डूल म्हणतात.

या फुलातला मध रंगीत असतो. आपल्याकडे मध म्हणजे फुलाच्या तळाशी पाण्यासारखा थेंब. इथे तो लालसर. का? तर त्याचं गिऱ्हाईक पाल आहे. हो, पालच! दिवसा हिंडणारी, हिरवीगार. संशोधकांनी खोट्या फुलांत साधा आणि रंगीत असा दोन्ही तऱ्हांचा रस ठेवून पाहिला, तर पाली रंगीत रसाकडे जास्त गेल्या. मला यात फार मजा वाटते. मुख्य भूमीवर मधमाश्या-फुलपाखरांची एवढी गर्दी असते की पालीला कोण विचारतो? बेटावर पाहुणे मोजके, म्हणून जो दारात येईल त्याच्यासाठी ताट वाढलं गेलं.

पण असं नातं नाजूक असतं. ट्रोकेशियाच्याच दुसऱ्या एका जातीला केवड्याच्या भाऊबंदांची दाट जाळी जवळ असेल तर फळं जास्त धरतात, कारण पाली त्या जाळीत लपून राहतात. केवडा तोडला तर ट्रोकेशियाचीही फळं घटणार.

आणि तोड तर प्रचंड झाली. सतराव्या शतकात डच आले, त्यांनी काळ्या लाकडासाठी जंगल कापलं आणि ऊसही आणला. पुढे फ्रेंच, मग इंग्रज. करारावर गेलेल्या आपल्या माणसांनी जे मळे राबले, ते याच जंगलाच्या जागेवरचे. त्यांना दोष देऊन काय उपयोग, पोट घेऊन गेले होते बिचारे. आता चांगलं मूळचं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि त्यातही बाहेरून आणलेला एक पेरू घुसलाय. शिवाय उंदीर, माकडं, डुकरं, हरणं आहेतच.

क्युरपीप गावच्या बागेत ताडाच्या कुळातलं एक झाड आहे, सडपातळ, उंच. त्या जातीचं जगात हे एकच. त्याला नरफुलं येतात, मादीफुलंही येतात, पण दोन्ही वेगवेगळ्या वेळी. प्रयोगशाळेत त्याची रोपं वाढवून पाहिली, ती मातीत लावल्यावर जगली नाहीत. झाडाभोवती मचाण बांधलंय, फुलोऱ्यापर्यंत चढता यावं म्हणून.