भेगेतलं रान

पावसाळ्यात आपल्या कॉलेजच्या जुन्या इमारतीभोवती एक फेरी मारून बघा. आंब्याखालची मागची भिंत सांध्यासांध्यांतून हिरवी झालेली असते. मैदानाकडच्या उघड्या भिंतीला तोच दगड, तोच चुना. पण तिथं चार काड्या गवत, तेही दिवाळीपर्यंत वाळून जातं. भिंत एकच, मग हा फरक कशानं पडतो?

आधी चुन्याचं बघू. चुनखडी भाजायची, पाण्यात विझवायची आणि वाळूबरोबर घाणीत मळायची, असा तो चुना तयार होई. भिंतीत सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे रासायनिकदृष्ट्या परत चुनखडीच! बेळगावच्या आसपास काळा कातळ आणि जांभा. तरी जुन्या भिंतीच्या सांध्यात चुनखडीची एक बारीक रेघ असतेच. हीच रेघ डोंगराएवढी झाली तर काय होतं, हे बघायचं तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला जावं लागेल.

तिथं इंगलबरो नावाच्या डोंगराच्या अंगावर चुनखडीची उघडी पठारं आहेत. हिमयुगात हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली. नंतर हजारो वर्षं पावसाचं किंचित आम्ल पाणी खडकातल्या चिरांमधून झिरपत राहिलं आणि चिरा रुंदावत गेल्या. आता तिथं फरशी घातल्यासारखे सपाट दगड दिसतात. त्यांना क्लिंट म्हणतात, आणि मधल्या खोल भेगांना ग्राइक. काही भेगा माणूस उभा मावेल एवढ्या खोल आहेत.

वरून बघाल तर सगळं ओसाड. पाऊस भरपूर, पण चुनखडीवर पाणी ठरत नाही. चाळणीत ओतल्यासारखं खाली निघून जातं. त्यात चुन्यामुळं लोह आणि स्फुरद मुळांना सहज मिळत नाही. ज्यांना आम्ल माती लागते ती रोपं इथं पिवळी पडतात. शिवाय वारा आहे आणि चरणाऱ्या मेंढ्या आहेत.

पण वाकून भेगेत डोकावलं की दुसरंच जग दिसतं. आत ऊन नाही, वारा नाही, मेंढीचं तोंड पोचत नाही. हवा गार आणि दमट. काठाशी लहान पानांची नेची असतात, ज्यांना थोडा कोरडेपणा चालतो. खाली लांब, अखंड, चकचकीत पानांचं हार्ट्स टंग, म्हणजे 'हरणाची जीभ' नावाचं नेचं. एरवी झाडीखाली वाढणारी डॉग्ज मर्क्युरीसारखी रोपंही इथं नांदतात. अगदी तळाशी, जिथं उजेड जेमतेम पोचतो, तिथं शेवाळ. वर एकही झाड नसताना जमिनीखाली रान!

नेच्यांनाच सावली एवढी का लागते? नेच्याला बी नसतं, बीजाणू असतात. बीजाणूपासून आधी नखापेक्षाही लहान हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्यावरची नरपेशी मादीपेशीकडे पोहत जाते, आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. तेवढा वेळ ओल टिकली नाही तर पुढची पिढीच नाही. चुना कोण राहणार हे ठरवतो, आणि सावली ते टिकणार की नाही हे ठरवते. आपल्या भिंतीच्या कोड्याचं उत्तर हेच.

ही सावली जाते कशी, तेही तिथंच दिसतं. बागेत सजावटीला लावायला लोक ते पाण्यानं कोरलेले दगड उचलून नेऊ लागले. वरचा दगड गेला की भेग उथळ होते, आत ऊन शिरतं. शेवटी 1981 च्या वन्यजीव कायद्यात ही पठारं राखण्यासाठी खास तरतूद करावी लागली. इंगलबरोच्या पायथ्याशी कोल्ट पार्क वुड म्हणून रान आहे. तिथं चुनखडीच्या पठारावरच ॲशची झाडं उभी आहेत आणि दगडाला वरूनही सावली मिळते. पण ॲशला मारणारा बुरशीचा रोग 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आढळला. कायद्यानं दगड राखता येतो, झाडावरचा रोग कसा अडवणार? झाड वाळलं की खालच्या नेच्याचंही छप्पर गेलंच.

आता परत आपल्या भिंतीकडे येऊ. तिथला हंसराज आणि लांब पात्यांचं टेरिस व्हिटाटा ही नेची चुन्याच्या सांध्यात रमणारी. यातलं टेरिस जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतं, हे 2001 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. आपण मात्र त्याला कचरा म्हणून खरवडून काढतो.

पिंपळाचं रोप वेळीच काढायलाच हवं, त्याची मुळं भिंत फोडतात. पण सरसकट सिमेंटचा गिलावा केला की सगळेच सांधे बुजतात. आणि मागचा आंबा तोडला तर भिंतीला हात न लावताही ती हिरवळ जाईल. म्हणून भिंत साफ करायची ठरली तर आधी जरा वाकून बघा, भेगेत कोण राहतंय ते.