ओठावरचा फोड आणि पाळण्यातले बाळ

पर्युषणातील उपवासांचे पारणे होते न होते, तोच ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो. दिवाळीच्या हिशेबांची जागरणे, लग्नसराईतील दगदग, भर उन्हात मालाची चढउतार यांनंतरही हेच घडते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'अंगातला ताप बाहेर पडला.' निरीक्षण खोटे नाही. कारण मात्र वेगळे आहे.

हे फोड हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात त्याचा एक प्रकार वास करून असतो. बहुधा तो बालपणीच, घरातल्याच कोणाच्या तरी लाळेतून आलेला असतो. फोड सुकला तरी विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी तो निद्रिस्त राहतो. ज्वर, सर्दी, प्रखर ऊन, थकवा, मनस्ताप अथवा मासिक पाळी यांनी तो जागा होतो व त्याच तंतूवरून परत येतो. म्हणूनच फोड बहुधा ठरलेल्या जागीच उठतो. तोंड येणे हा विकार निराळा. तो संसर्गाने पसरत नाही.

मोठ्या माणसाचा फोड आठ-दहा दिवसांत खपली धरून बरा होतो. खरी चिंता नवजात बालकाची. बाराव्या दिवशी बारसे असते, घर पाहुण्यांनी भरलेले असते, आत्याबाई कानात नाव सांगतात आणि कौतुकाने मुकाही घेतात. त्याच ओठावर फोड असेल, तर विषाणू बाळाच्या यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. प्रसंगी जिवावर बेतते. पहिल्या महिना-दीड महिन्यात बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, ताप आला वा अंगावर फोड दिसले, तर घरगुती उपायांत एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

पाण्याच्या माठात उष्टा पेला बुडवू नये, हा दंडक जैन घरांत कटाक्षाने पाळला जातो. मुक्याच्या बाबतीत मात्र तीच घरे सैल असतात! फोड असणाऱ्याने बाळाचा मुका घेऊ नये. पेला व टॉवेल वेगळा ठेवावा. फोडाला हात लागल्यास साबणाने धुवावा आणि तो हात डोळ्यांना मुळीच लावू नये; बुबुळावर संसर्ग झाल्यास दृष्टी अधू होऊ शकते. आईच्याच ओठावर फोड असेल, तर तिने हात धुऊन, तोंडावर मास्क बांधून अंगावर पाजण्यास हरकत नाही; स्तनावर फोड असल्यास मात्र त्या बाजूने पाजू नये.

उन्हाने ज्यांना वारंवार त्रास होतो, त्यांनी ओठांना ऊनरोधक मलम लावावे. असायक्लोव्हीरसारखे औषध विषाणूचा नायनाट करीत नाही, परंतु ओठ चुरचुरू लागताच, फोड उठण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास दुखणे लवकर आवरते.