जस्तपूरके आणि केसांचे आरोग्य : एक विवेचन

प्रस्तावना :
केस गळू लागले की वैद्यकीय सल्ल्याविना झिंकच्या गोळ्या सुरू करण्याची प्रवृत्ती आज सर्वत्र आढळते. झिंक म्हणजेच जस्त हे शरीरास अल्प प्रमाणात लागणारे, परंतु अत्यावश्यक खनिज होय. केसगळतीवर ते कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जस्ताचे कार्य :
प्रौढ शरीरात सुमारे २ ग्रॅम जस्त असते. ३०० हून अधिक विकरांच्या कार्यास ते आवश्यक असते. पेशीविभाजन व प्रथिननिर्मिती या क्रियांत त्याचा सहभाग असतो. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी अतिशय वेगाने विभागत असल्याने जस्ताच्या अभावाचा परिणाम केसांवर दिसून येतो.

अभाव व उपचार :
ॲक्रोडर्मटायटिस एंटेरोपॅथिका या दुर्मीळ आनुवंशिक विकारात आतड्यातून जस्ताचे शोषण नीट होत नाही. त्यामुळे बालकांना अतिसार होतो, त्वचेवर चट्टे उठतात व केस गळतात. १९७३ मध्ये बार्न्स व मोयनहान यांनी जस्ताच्या उपचाराने हा विकार आटोक्यात येतो, असे दाखवून दिले. मात्र यावरून अभाव असता जस्त गुणकारी ठरते, एवढेच सिद्ध होते. अभाव नसताना अधिक जस्त घेतल्याने केस वाढतात, असे नव्हे.

गैरसमजाचे कारण :
तीव्र ताप, बाळंतपण अथवा शस्त्रक्रिया यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळतात आणि बहुधा काही महिन्यांत ही गळती आपोआप थांबते. याच काळात गोळ्या घेतल्या गेल्यास श्रेय गोळ्यांना मिळते. उलटपक्षी, लोहाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार हे खरे कारण असल्यास त्याचे निदान लांबणीवर पडते.

मात्रा व धोके :
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार दररोज प्रौढ पुरुषास १७ व स्त्रीस १३.२ मिलिग्रॅम जस्त आवश्यक असून कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. झिंक सल्फेटच्या २२० मिलिग्रॅमच्या एका मात्रेत सुमारे ५० मिलिग्रॅम जस्त असते, म्हणजे एकाच गोळीने ही मर्यादा ओलांडली जाते. दीर्घकाळ अतिरिक्त जस्त घेतल्यास तांब्याचे शोषण घटते. परिणामी रक्तक्षय, पांढऱ्या पेशींची घट व मज्जासंस्थेचे विकार संभवतात.

आहाराचे स्थान :
धान्ये व कडधान्ये यांतील फायटेट जस्ताच्या शोषणात अडथळा आणते. कडधान्यांना मोड आणणे, पीठ आंबवणे या आपल्या पारंपरिक पद्धतींनी फायटेट कमी होते. मांस, अंडी, दूध व तीळ यांतूनही जस्त मिळते.

समारोप :
सारांश, जस्तपूरक हे अभावावरील औषध आहे, केशवर्धक नव्हे. म्हणून आधी निदान, मग आहार आणि गरज भासल्यास वैद्यकीय देखरेखीखाली मर्यादित काळ पूरक, हाच क्रम योग्य ठरतो. अध्यापकवर्गाने विद्यार्थ्यांपर्यंत हा विचार पोहोचविणे अगत्याचे आहे.