मुका झालेला वेबकॅम

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात एखादा जुना वेबकॅम कपाटात पडून असेल. “बिघडला,” असे सर सांगतील. खरेच बिघडला का? थोडे गणित करून पाहू.

साध्या वेबकॅमच्या भिंगाचे (खरे तर दोन-तीन भिंगांच्या संचाचे) नाभीय अंतर सुमारे ४ मिलिमीटर असते. भिंगाचे सूत्र वापरा. दूरच्या झाडाची प्रतिमा भिंगापासून ४ मिमीवर पडेल आणि ५० सेंटिमीटरवर बसलेल्या तुमची ४.०३ मिमीवर. फरक अवघा ०.०३ मिमी! भिंग दोहोंच्या मध्ये बसवले की दोन्ही चित्रे पुरेशी स्पष्ट येतात. नाभीय अंतर ५० मिमी असते, तर हाच फरक ५.५६ मिमी झाला असता आणि भिंग पुढेमागे सरकवावे लागले असते. वेबकॅममध्ये सरकणारे काही नाही, मग झिजणार काय?

घोटाळा भिंगामागे आहे. तेथील संवेदकावर ६४० × ४८०, म्हणजे ३,०७,२०० ठिपके असतात. ठिपक्याला उजेड कळतो, रंग नाही. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात, निम्म्या हिरव्याच. (कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना या मांडणीचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले.) उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने काढायचे.

आता ठिपक्यामागे एक बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर ९२ लाख बाइट होतात. जुन्या यूएसबी तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १५ लाख बाइट जात! तेव्हा चित्र दाबून, आटवून पाठवणे आले. प्रत्येक कंपनीची रीत निराळी, बहुधा गुप्तही. ती उलगडणारी संगणकातील आज्ञावली म्हणजे ‘ड्रायव्हर’. संगणकाची प्रणाली बदलली, कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिला नाही, की कॅमेरा मुका. प्रतिमा आतमध्ये पडतेच आहे. ती वाचणारे कोणी नाही. हा अपव्यय मला फार खटकतो.

२००३ मध्ये ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’ हे सामायिक मानक आले. ते पाळणारा कॅमेरा आपली माहिती ठरलेल्या भाषेत सांगतो, त्यामुळे एकच ड्रायव्हर सर्वांना पुरतो. तुमचा कॅमेरा त्याआधीचा असेल, तर लिनक्स असलेल्या संगणकाला जोडून पाहा. हौशी प्रोग्रामरांनी अशा कित्येक कॅमेऱ्यांची गुपिते उकलली आहेत.

तरीही तो बोललाच नाही तर? सरांना विचारून भिंग काढा. बहुधा ते आट्यांवर बसवलेले असते. २५ सेंटिमीटरला ४ मिमीने भागा: ६२ पट वर्धन! कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवा, भिंग डोळ्याशी धरा आणि पट्टी खिडकीच्या उजेडात (सूर्याकडे मुळीच नाही) भिंगाच्या अगदी जवळ आणा. पेशींच्या भिंती दिसू लागतील.