नाकात सापडला नाही, हृदयातून आला!

७ जानेवारी २०२२, बाल्टिमोर. मेरिलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या रुग्णाच्या छातीत डुकराचं हृदय बसवलं. त्यात दहा जनुकीय बदल केलेले होते. विसाव्या दिवसाच्या रक्तात एक बारीकशी खूण दिसली: डुकरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसचा डीएनए. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी बेनेट गेले. सगळं खापर विषाणूवर फोडता येत नाही, ते आधीच फार खंगलेले होते. पण तो विषाणू तिथे असायलाच नको होता.

मग डुक्कर तपासलं नव्हतं का? तपासलं होतं! नाकातला स्वॅब निगेटिव्ह आला होता. हा विषाणू हर्पिसच्या कुळातला, शरीरात दडी मारून बसणारा. त्याला पकडायचं तर रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधावी लागतात. म्युनिकच्या संशोधकांनी बबून माकडांमध्ये या विषाणूचा परिणाम आधीच पाहिला होता. विषाणू असलेली डुकराची हृदयं महिनाभरही टिकली नाहीत, नसलेली सहा महिन्यांपर्यंत चालली.

उपाय मात्र अगदी साधा: पिल्लू आईच्या दुधावरून लवकर तोडायचं. विषाणू बहुधा आईकडूनच येतो.

दुसऱ्या शत्रूला असं तोडता येत नाही. ‘पर्व्ह’ नावाचे रेट्रोव्हायरस डुकराच्या डीएनएतच शिवलेले असतात, प्रत्येक पेशीत. ते प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना लागण करू शकतात, हे १९९७ मध्ये लंडनच्या रॉबिन वाइस यांच्या गटाने दाखवलं. त्याच वर्षी आसाममध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं होतं. रुग्ण आठवड्याभरात दगावला, डॉक्टरांना अटक झाली.

पर्व्हवर इलाज सापडायला अठरा वर्षं लागली. २०१५ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या चमूने क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने डुकराच्या पेशीतल्या पर्व्हच्या ६२ प्रती एकदम निकामी केल्या. २०१७ मध्ये पर्व्हमुक्त पिल्लं जन्मली. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला एका रुग्णाला बसवलेल्या डुकराच्या मूत्रपिंडात ६९ जनुकीय बदल होते, त्यातले ५९ केवळ पर्व्हसाठी!

आता खरी गुंतागुंत. डुकराच्या पेशींवर एक साखर असते. आपलं रक्त तिला ओळखतं आणि अवयव मिनिटांत नाकारतं, म्हणून ती काढून टाकतात. पण तीच साखर डुकराच्या विषाणूंच्या आवरणावरही चढते आणि आपलं रक्त त्यांना तिच्यावरूनच गाठतं. साखर गेली की विषाणूची ती ओळखही जाते. वर रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असतो.

म्हणूनच अमेरिकेत असा अवयव घेणाऱ्याने आणि त्याच्या निकटच्या माणसांनी रक्तदान करू नये, असा दंडक आहे. मला तो योग्यच वाटतो. धोका एकट्या रुग्णापुरता नसतो. डुकरांचा विषाणू माणसांत शिरला की काय होतं, हे मलेशियाने १९९८-९९ मध्ये भोगलंय. डुकरांकडून आलेल्या निपाह विषाणूने तिथे शंभरावर माणसं गेली.

पर्व्हची लागण मात्र आजवर एकाही रुग्णात सिद्ध झालेली नाही. आणि तुमच्या घरात कुणाला डुकराच्या ऊतीची हृदयझडप बसवली असेल, तर हे वाचून घाबरू नका. ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवलेली असते, तिच्यात एकही जिवंत पेशी नसते.